आक्काची दुसरी पाठराखीण

आमच्या आक्काला झोपेतून उठवणं घरातल्या कुणालाच जमत नव्हतं. आई हाका मारून दमायची. वडील, म्हणजे आमचे दादा, एकदा मोठ्यानं खाकरायचे आणि आपला मान राखून बाहेर निघून जायचे. मी पांघरूण ओढायचे, पाय ओढायचे, आणि आक्का या सगळ्यातून खुशाल झोपून राहायची. तिला आळशी म्हणावं तर तेही म्हणता येत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. एकदा उठली की ती दोन बायांचं काम एकटी उरकायची. भाकरीला बसली की तव्यावर एक, हातात एक आणि चुलीच्या तोंडाशी फुगणारी एक, अशा तिन्ही भाकरींवर तिची नजर असायची आणि एकही करपायची नाही. पण डोळा लागला की ती या जगातली राहायची नाही. एकदा आमच्या दारावरून लग्नाची वरात बँड वाजवत गेली, गल्लीतली तान्ही पोरं रडून उठली, आणि आक्का ओसरीवर भिंतीकडं तोंड करून तशीच पडलेली. दादांनी कंटाळून गजराचं घड्याळ आणलं. त्या गजरानं शेजारचं घर उठलं आणि चार दिवसांनी त्यांचाच निरोप आला की ते घड्याळ बंद ठेवा. तेव्हापासून ते कपाटावर नुसती वेळ सांगत बसलं.

आक्काला उठवायची कला एकटीलाच अवगत होती, ती म्हणजे ठकी. ठकी आमची मांजर. करडी पाठ, पांढरे पाय, आणि चेहऱ्यावर कायम आपल्यावर काहीतरी अन्याय झाल्याचा भाव. आमच्या गावी, तेरला, कडब्याच्या गंजीत ती जन्मली आणि डोळे उघडल्याबरोबर घराचा कारभार तिनं हातात घेतला. मांजर झोपलेल्या माणसाला कसं उठवतं यावर मी तेव्हापासून आजवर लक्ष ठेवून आहे, आणि माझं ठाम मत आहे की मांजर माणूस बघून उठवतं. आईला ठकी नुसती एकदा हाक मारायची, आई लगेच उठायची. दादांच्या पोटावरून ती चालत जायची, जाताना एकदा आणि येताना एकदा, मध्ये थांबायची नाही. माझ्या पायाचा अंगठा वाकळीच्या बाहेर असला तर ती तो चावायची, नसला तर वाकळीत शिरून शोधून चावायची. आक्कासाठी मात्र तिनं सगळं वेगळं ठेवलं होतं. आधी उशाशी बसून तोंडाकडं टक लावून बघायचं. मग गार नाक कानात घालायचं. मग खरखरीत जिभेनं नाकाचा शेंडा चाटायचा. एवढ्यावर आक्का फक्त कूस बदलायची. मग ठकी छातीवर चढून बसायची, नखं आत घेऊन पंजा आक्काच्या मिटल्या पापणीवर ठेवायची आणि हलकेच दाबायची. काढायची, पुन्हा ठेवायची. पाचव्या-सहाव्या वेळी आक्का डोळे उघडायची आणि म्हणायची, "उठले गं बाई, उठले." हे रोज, न चुकता, पहाटे चारच्या सुमाराला चालायचं. प्रेमाबिमाचा यात काही संबंध नव्हता. चूल पेटवल्यावर दुधात कुस्करलेली भाकरी ठकीला आक्काच्या हातून मिळायची, एवढंच त्यातलं इंगित.

आता मी धाराशिवला लेकीकडं असते. तिच्या मोबाइलमध्ये गजराला बासरी लावली आहे, ती वाजते, लेक बोटानं बंद करते आणि पुन्हा झोपते. मग या घरातला पिवळा बोका टेबलावरचा चष्मा पंजानं सरकवत सरकवत कडेला आणतो, माझ्याकडं बघतो आणि खाली पाडतो. तो माझा चष्मा असतो. मी उठते, त्याला खायला घालते आणि दर वेळी मला कळंबचे ते चार दिवस आठवतात.

आक्काचं स्थळ कळंबचं आलं. मध्यस्थानं सगळं चांगलं सांगितलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, घरची थोडी जमीन, सहा म्हशी, आणि खव्याची भट्टी. सासरा दीड वर्षापूर्वी वारलेला, घरात सासू आणि मुलगा दोघंच. मुलगा रात्री शेतातल्या गोठ्यावर झोपतो, पहाटे धारा काढून आणि आसपासच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून घरी येतो, आणि त्याच्या आधी घरी भट्टी पेटलेली लागते. खव्याचं घर म्हटल्यावर मला पेढे दिसले, दादांना कष्टाळू माणसं दिसली आणि आईला दिसली ती पहाट. तिचा चेहराच उतरला.

बघायच्या कार्यक्रमाला ती सासू आली. उंच, सावळी, कपाळ मोकळं, बोलणं मोजकं. तिनं आक्काला भाकरी येते का विचारलं नाही, शिवण येतं का विचारलं नाही. पोह्याची बशी खाली ठेवून तिनं एकच विचारलं.

"पहाटं उठायची सवय हाय का तिला?"

दादांनी छताकडं बघितलं. आक्काची मान आणखी खाली गेली. आणि माझी आई, जी देवासमोरसुद्धा खोटं बोलायला घाबरायची, ती पदर सावरून म्हणाली, "चारला उठती. कुणी माणसानं उठवावं लागत न्हाय."

शब्दाला शब्द लावून बघितलं तर ते खरंच होतं. पण ती बाई ज्या तऱ्हेनं हसली, सुटकेचा श्वास सोडल्यासारखी, त्यावरून आम्हाला कळलं की लग्न आता या एका वाक्यावर ठरलं आहे. ती माणसं गेल्यावर आई स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या वेळी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरचं एक माणूस जायचं. नव्या घरात तिला एकटं वाटू नये म्हणून कुणी आजी, कुणी आत्या, नाहीतर धाकटी बहीण. तिला पाठराखीण म्हणतात. सत्यनारायणाची पूजा होईपर्यंत नवरी तिच्याजवळच झोपायची. आमच्या घरातून अर्थातच मी जाणार होते. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं मला बाजूला घेतलं.

"तू पाठराखीण म्हणून जातीयास. तुझं काम काय?"

"आक्काजवळ झोपायचं."

"झोपायचं न्हाय. चारला तिला उठवायचं."

"आणि मला कोण उठवणार?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मग चुलीजवळ पाय पोटाशी घेऊन बसलेल्या ठकीकडं बघितलं. पुढं काही बोलायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी रुखवताच्या सामानात, कुरडया-सांडग्यांच्या डब्यांच्या मागं, झाकणाची एक टोपली वाढली. आत आक्काची जुनी साडी अंथरलेली होती आणि साडीवर ठकी होती. झाकण सुतळीनं बांधलेलं होतं. दादांना यातलं काही माहीत नव्हतं.

टेम्पोत मी त्या टोपलीवर हात ठेवून बसले होते. ढोकी गाव मागं पडेपर्यंत ठकी गप्प होती. मग तिनं एक लांब, दुखावलेला सूर लावला. समोर बसलेल्या वरपक्षाच्या एका म्हातारबुवांनी इकडं तिकडं बघितलं. मला काही सुचेना, म्हणून मी मोठ्यानं रडायला लागले. म्हातारबुवा म्हणाले, "रडू नगं पोरी, बहीण काय लांब चालली न्हाय." कळंब येईपर्यंत ठकी ओरडली की मी रडत होते. शेजारी आक्का पदराआड हुंदके देत होती, असं सगळ्यांना वाटलं. ती हसत होती हे मला तिच्या खांद्यावरून कळत होतं.

दारात आम्ही उतरलो आणि माझ्या नाकात वास शिरला. आटलेल्या दुधाचा, गोड, दाट, थोडा धुराचा. आणि त्या क्षणी मला ते कळलं जे आमच्या घरात इतक्या दिवसांत एकालाही सुचलं नव्हतं. आम्ही खव्याच्या घरात मांजर घेऊन आलो होतो.

दारामागं एक काठी उभी होती. ती कशाला, म्हणून मी विचारलं, तर दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, सहज म्हणाले, "मांजरं लई येत्यात दुधाच्या वासानं. आईला अजिबात खपत न्हाय." टोपली मी घाईघाईनं मागच्या कडब्याच्या खोलीत नेऊन ठेवली आणि संध्याकाळी माझ्या ताटातला वरणभात मुठीत धरून ठकीला घातला. तिनं तो शिष्टपणानं खाल्ला. रात्री निजानीज व्हायच्या आधी मी तिला ओढणीखाली घेऊन आले आणि वाकळीत आमच्या दोघींच्या मध्ये घातली. त्याच खोलीत समोरच्या बाजेवर सासूबाई झोपायच्या. आक्का त्यांना आत्याबाई म्हणायला लागली होती, म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

पहिल्या पहाटेला ठकीनं आपलं काम चोख केलं. नाक, जीभ, पंजा. आक्का उठली, मी ठकीला उचलून मागं टाकून आले. येऊन बघते तर आक्कानं दिवा लावलेला आणि आत्याबाई आपल्या बाजेवर बसलेल्या. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. डोळे लाल, केस बांधलेले, लुगडं नीटनेटकं. "उठलीस व्हय?" एवढंच त्या आक्काला म्हणाल्या. दुसऱ्या पहाटेलाही तेच. आम्ही उठायच्या आधीच त्या बाजेवर बसलेल्या आणि नजर आमच्यावर. मला वाटलं, ही बाई आमची परीक्षा घेतेय. रात्रभर टपून बसते की ही पोरगी खरंच आपली आपण उठते का ते बघायला. मी हे आक्काला सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला. ती हळूच म्हणाली, "तू गेल्यावर ठकीला कोण लपवणार?" दोन रात्री मी स्वतः अशी झोपलेच नव्हते. जरा खुट्ट झालं की हात ठकीवर ठेवायचे.

तिसऱ्या रात्री मी मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन माझ्या तोंडावर आलं होतं. चांगलं पिवळं, दिवस वर आल्याचं ऊन. शेजारी आक्का तोंड उघडं टाकून झोपलेली. मध्ये ठकी नव्हती. समोरची बाज रिकामी. मागच्या अंगाला किटल्यांचा आवाज येत होता आणि लोखंडी कढईवर उलथनं फिरल्याचा, खर्र खर्र, एकसारखा. भट्टी पेटली होती, दूध आलं होतं, खवा अर्धा होत आला होता, आणि नवी सून झोपली होती. आक्काला उठवायचंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. मी तशीच मागं पळाले.

भट्टीच्या खोलीत आत्याबाई एकट्याच कढईशी उभ्या होत्या. दाजी दूध टाकून पुन्हा वस्तीवर गेले होते. आणि खोलीच्या उंबऱ्याच्या बाहेर, एका कान तुटलेल्या कपाच्या बशीसमोर, ठकी बसली होती. बशी चाटून लख्ख केलेली. मिशांवर दूध. तिनं माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

आत्याबाईंनी मान वळवली. "ही कुणाची?"

मी ठकीसमोरची बशी पायानं मागं सरकवली.

"परवापास्नं कडब्याच्या खोलीतनं म्याव येतंय. मला काय कान न्हाईत?"

मग मला राहवेना. मी उंबऱ्यावर बसून रडायला लागले, आणि या वेळी ते रडणं खरं होतं. सगळं सांगून टाकलं. आक्का उठत नाही. गजरानं उठत नाही, हाकेनं उठत नाही, बँडनं उठत नाही. तिला हे मांजर उठवतं. आईनं ठकीच्या जोरावर ते वाक्य म्हटलं. टेम्पोत मी उगीच रडत होते. खव्याच्या घरात मांजर आणू नये हे आमच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी म्हणाले, "मी ठकीला आजच घेऊन जाते. पण आक्काला माघारी धाडू नका."

खवा शेवटाला आला होता आणि त्या वेळी हात थांबला तर तो बुडाला लागतो. आत्याबाई उलथनं फिरवत राहिल्या. खर्र खर्र. मी बसून राहिले. एवढा लांब वेळ माझ्या आयुष्यात नंतर फार कमी वेळा आला, आणि त्यातला एक तर दवाखान्याच्या बाहेरचा होता. कढईतला तो गोळा कडा सोडून मध्ये जमायला लागला, त्यांनी दोन फडकी घेऊन कढई उतरवली, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्यासमोर येऊन खाली बसल्या.

"तुझ्या आईला म्या ते का इचारलं, ठावं हाय का तुला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मला उठवणारं माणूस पायजे हुतं, म्हणून इचारलं."

मला काहीच कळलं नाही. त्या ठकीकडं बघत बोलत होत्या. "माझीबी झोप तुझ्या बहिणीसारखीच. लगीन होऊन आले तवापास्नं. तुझ्या दाजीचे वडील मला रोज उठवायचे. हाक न्हाय, काय न्हाय. कपाळावर नुसता हात ठिवायचे. तीस वर्सं. ते गेले आन म्या झोपायचंच सोडलं. डोळा लागला तर जाग येईल का न्हाय, दूध येऊन नासलं तर, ह्या भ्यानं रोज नुसती पडते आन दोनलाच उठून बसते. दीड वर्सं झालं पोरी, बसूनच हाय म्या."

म्हणजे ती आमच्यावर ठेवलेली नजर नव्हतीच. ती झोपायला घाबरणाऱ्या माणसाची नजर होती.

"दोन दिवस बघितलं, अंधारात मांजर काय दिसलं न्हाय, वाटलं ही पोरगी आपली आपण उठती. म्हटलं, आता झोपाया हरकत न्हाय. काल रात्री पडले ती पडलेच. आन पहाटं..." त्या जरा थांबल्या. "पहाटं कुणीतरी कपाळावर हात ठिवला. हलकाच. म्या झोपेतच म्हटलं, उठते वो. डोळे उघडले तर ही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग चांगल्या मोठ्यानं. मीही हसायला लागले, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा. ठकीनं आक्काला सोडून त्यांना का उठवलं याचं कारण मला आजही ठाऊक आहे. तिनं दोन दिवसांत ओळखलं होतं की या घरात दुधाची सत्ता कुणाकडं आहे. पण हे मी आत्याबाईंना कधीच सांगितलं नाही.

तेवढ्यात आक्का आली. पदर खांद्यावर धड नाही, गालावर वाकळीच्या टाक्यांची नक्षी, आणि चेहरा पांढराफटक. दारातच ती हात जोडून उभी राहिली. आत्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"झोप झाली का?"

आक्कानं नाही म्हणावं की हो म्हणावं या घोळात मान दोन्हीकडं हलवली.

"झाली नसंल तर जा, अजून तासभर पड. दुसऱ्या कढईचं म्या बघते. आज मला लई हुरूप हाय."

आक्का मटकन खाली बसली. आत्याबाईंनी कढईतला गरम खवा चमच्यानं काढला, साखर घातली आणि आधी तिच्या हातावर ठेवला, मग माझ्या. तो खवा खाताना आम्ही दोघी रडत होतो आणि फुंकर मारत होतो.

ठकी तिथंच राहिली. दाजींनी भट्टीच्या खोलीला बारीक जाळीचं दार बसवलं, काठी चुलीत गेली. आधी बाजेवर एक फेरी, मग आक्काकडं, असा ठकीचा क्रम पुढं कित्येक वर्षं चालला. आता आक्काला स्वतःला सून आहे, भट्टीवर उलथनं मोटारीनं फिरतं, आणि आक्का म्हणते की म्हातारपणी झोपच येत नाही. मी तिला म्हणते, तुझ्या वाटणीची तू आधीच झोपून घेतलीस.

पूजा झाल्यावर दादा मला न्यायला आले. तेरला एसटीतून उतरून आम्ही गल्लीत वळलो तर आई दारातच उभी होती. ती किती दिवस तशी उभी होती ते शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. तिचे डोळे आत गेले होते. तिनं दादांना काही विचारलं नाही. माझा हात धरून मला आत नेलं आणि म्हणाली, "सांग."

मी सगळं सांगितलं. टेम्पो, काठी, ऊन, कढई, कपाळावरचा हात. माझं बोलणं संपल्यावर आईनं फक्त विचारलं, "माझ्यावर रागावल्या का?"

"न्हाय. म्हणाल्या, इहिणबाईंनी मला मांजर दिलं, लई उपकार झाले."

आई भिंतीला टेकून बसली. मग जिथं बसली होती तिथंच आडवी झाली, उशी नाही, पांघरूण नाही, भर दुपारी, दार सताड उघडं. मी तिला असं दिवसा झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. दिवेलागण झाली, म्हशी दावणीला येऊन ओरडायला लागल्या, तरी तिला जाग नाही. मी हात पुढं केला तर बाहेरून आलेल्या दादांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. पायातल्या चपला त्यांनी ओसरीवरच काढल्या, अनवाणी आत आले आणि आवाज न करता स्वतः चूल पेटवायला बसले.